आधी गोठा, मग पान

आमच्या वेल्ह्याच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी नुसतं उभं राहिलं, तरी कुणीतरी गाडीची काच खाली करून विचारतंच, "ताई, इथं चांगलं जेवायला कुठं मिळेल?" विचारणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो, मोबाईलमध्ये ढीगभर ठिकाणं असतात, तरी विचारतात. नसरापूर सोडलं की तोरण्याच्या पायथ्यापर्यंत हल्ली दर वळणाला एक पाटी आहे. चुलीवरचं मटण, मावळी थाळी, मडक्यातलं कोंबडं, झाडाखालचा कॅफे. एका ठिकाणी बैलगाडीचं चाक आडवं टांगून त्याला दिवे लावलेत. लोक त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात, तोवर ताटातली भाकरी गार होते. मग ती गार भाकरी खाऊन मोबाईलवर चार चांदण्या देतात आणि पुण्याला जातात.

मला कुणी असं विचारलं की माझ्या तोंडून उत्तर पटकन येत नाही. कारण हे उत्तर द्यायचं काम आमच्याकडे वर्षानुवर्षं एकाच माणसाचं होतं. तो माणूस काच खाली करणाऱ्याला आधी उलट विचारायचा, "भूक लागलीय, का जेवायची हौस आलीय?" हौस म्हणालं तर समोरच्या पाटीकडे बोट. भूक म्हणालं तर मात्र गोठ्याचा पत्ता.

ते आमचे डॉक्टर. गुरांचे. मी वरव्याची, शेतकऱ्याच्या घरातली. पशुवैद्यकीचा डिप्लोमा करून मला पहिली नेमणूक मिळाली ती वेल्ह्याकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात, आणि तिथं हे माझे वरिष्ठ. राहणारे भोरचे. घर सगळं नोकरदार, वडील कोर्टात होते, भाऊ बँकेत, भावजय शाळेत. या घरातला एक मुलगा गुरांच्या मागं कसा लागला, हे भोरात कुणालाच कधी कळलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायचे, "वेळेवर कुणी आठवण केली नाही."

उंच, किडकिडीत माणूस. शर्टाची उजवी बाही कायम दंडापर्यंत दुमडलेली आणि डावी मनगटाशी बटण लावून बंद. गाय-म्हैस गाभण आहे का बघायचं तर उजवा हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो, तेव्हा ती बाही वर असणं आलंच. पण डॉक्टर तिला कधी खाली आणतच नसत. कलेक्टरसाहेबांच्या मीटिंगलाही तशीच. साहेबांनी एकदा हसून विचारलं म्हणे, हे काय, तर यांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, हा हात ड्यूटीवर आहे."

पहिल्या दिवसापासून मला ते "मॅडम" म्हणत. रागावले तरी मॅडम. "मॅडम, आपण डोळे मिटून सुई टोचता का?" असं भर गोठ्यात, मालकासमोर विचारायचे. मी घरी येऊन रडायचे आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवून सुई टोचायचे.

आता जेवणाचं. डॉक्टर डबा आणत नसत. सरकारी गाडी नव्हती, ते त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर आणि मी माझ्या स्कूटीवर, असे आम्ही वाड्यावस्त्यांवर फिरायचो. दुपार झाली की ज्या घरी असू तिथं "जेवूनच जावा" हे ठरलेलं. गावाकडं गुरांच्या डॉक्टरला उपाशी पाठवत नाहीत. पण डॉक्टर कुठंही बसत नसत. हो म्हणायच्या आधी ते गोठा बघायचे. जमीन कोरडी आहे का, म्हशीची शेपटी स्वच्छ आहे का, पाण्याच्या भांड्यात शेवाळ आहे का, रेडकू घाबरतंय का. सगळं बघून झालं की एकतर चप्पल काढायचे, नाहीतर "आज उपास आहे" म्हणून गाडीला किक मारायचे. त्यांचे महिन्यातले उपास बघता ते फार धार्मिक आहेत, असा बऱ्याच गावांचा समज होता.

"मॅडम, आधी गोठा, मग पान," ते मला समजावून सांगायचे. "मुकं जनावर मागून घेत नाही. त्याला न मागता वेळेवर मिळतंय, म्हणजे त्या घरात वाढणारा हात चांगला. स्वयंपाकघर बघून काय कळतं? ते पाहुण्यासाठी आवरलेलं असतं."

मला हे तेव्हा फार पटलं होतं. पुढं अंबवण्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर आम्ही एक गोठा बघितला. काय गोठा! चुन्यानं रंगवलेली गव्हाण, म्हैस आरशासारखी चकचकीत, रेडकाच्या गळ्यात घुंगरू. डॉक्टरांनी चप्पल माझ्याआधी काढली. आणि पान आलं तर पिठल्यात मीठ दोनदा पडलेलं, भाकरी मध्ये कच्ची आणि कडेला करपलेली, कांदा सुद्धा कसा कोण जाणे शिळा. डॉक्टरांनी सगळं संपवलं. पानात टाकायचं नाही हा त्यांचा नेम होता. बाहेर पडून आम्ही बरंच अंतर गेलो, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि म्हणाले, "मॅडम, ती म्हैस त्यांची नसणार. कुणाची तरी आणून बांधली असेल."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांच्या मते सिद्धांत बरोबर होता, म्हैसच लबाड होती.

हात धुण्याचं प्रकरण वेगळंच. अंगणात बसून आधी राखेनं, मग साबणानं, कोपराच्या वर, नखं काडीनं कोरून. मग बोटांचा वास घ्यायचे. पुन्हा साबण. मग माझ्यापुढं हात धरायचे, "मॅडम, बघा बरं, म्हैस आहे का गेली?" मी गेली म्हणाले की मग पानावर.

आणि जेवताना एक अक्षर बोलायचे नाहीत. म्हणजे जेवणाबद्दल. इतर सगळं बोलायचे. पण भाजी छान झालीय, कालवण झकास आहे, असं काही मी कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मी एकदा एका घरी "मावशी, चटणी फार भारी" म्हणाले, तर बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आपण हॉटेलात आलो होतो का? घरी कुणी आईला शेरा देतं का? आवडलं तर अजून मागायचं. बास." स्वतः आवडलं की दुसऱ्यांदा ताक मागायचे. घरातल्या बायकांना हे माहीत झालं होतं. डॉक्टरांनी दुसरं ताक मागितलं, की ती बाई पुढचा आठवडाभर शेजारणीला सांगायची.

विंझरच्या एका घरी मात्र त्यांना ताक मागावंच लागत नसे. तिथं पहिलं संपायच्या आत दुसरं येई.

हे घर रस्त्यापासून थोडं आत, पुढं गोठा, मागं घर, घरामागं फणस. नवरा-बायको दोघंच, एक मुलगा पुण्याकडं कंपनीत. डॉक्टर त्या बाईंना वहिनी म्हणत म्हणून मीही वहिनी म्हणू लागले. नवऱ्याला आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ दिवसाला चार शब्द बोलणार, त्यातले दोन म्हशीशी. म्हशी दोन, थोरली आणि धाकटी. दर बुधवारी आमची फेरी विंझरला असायची आणि बुधवारचं जेवण वहिनींकडं. तिथं गोठा बघायचा प्रश्न नव्हता, तरी डॉक्टर बघायचेच. थोरलीच्या पाठीवर हात फिरवायचे आणि मग नळाकडं जायचे.

"डाक्टर, साबण लावा नीट," वहिनी आतून ओरडायच्या. "मागल्या बुधवारी साबण तसाच कोरडा व्हता."

"वहिनी, कातडं निघालं आता."

"निगू दे. नवं यील."

तांदळाची भाकरी, पावट्याचं कालवण, कधी शेतातले खेकडे, कधी नुसता खर्डा आणि दही. वहिनी वाढून झालं की समोर उकिडव्या बसायच्या आणि आठवड्याभराचं सगळं सांगायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणी जमीन फार्महाऊसवाल्याला दिली, त्यांचा गुडघा कुठल्या बाजूनं दुखतो. डॉक्टर ऐकत जेवायचे. मध्येच म्हशीबद्दल सांगतात तसं गुडघ्याबद्दल सांगायचे, "वजन पुढच्या पायावर टाकत जाऊ नका."

एकदा पावसाळ्यात रस्ता बंद झाला म्हणून मी भोरला त्यांच्या घरी राहिले होते, तेव्हा मला त्या बुधवारचा अर्थ कळला. भावाचं घर, वर यांची खोली. माणसं वाईट नव्हती, कामात होती. आम्ही उशिरा पोचलो. टेबलावर दोन ताटं झाकून ठेवलेली होती, एक माझ्यासाठी. डॉक्टरांनी झाकण काढलं, त्यावरचे पाण्याचे थेंब झटकले आणि मुकाट्यानं जेवले. रोज हे असंच चाललं असणार. मला फार वाईट वाटलं. आठवड्यातून एकदा समोर बसून कुणी वाढतं, एवढंच त्या माणसाकडं होतं, आणि ते विंझरला होतं.

वहिनींच्या शेजारी, खालच्या अंगाला, एक तात्या राहतात. त्यांच्या म्हशीचं उजवं शिंग वळून थेट डोळ्याकडं निघालं होतं. डॉक्टरांनी मला म्हैस धरायला लावून करवतीनं त्या शिंगाचं टोक कापलं. ती म्हैस तेव्हापासून एका बाजूनं दाराची कडी तुटल्यासारखी दिसते. हे सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे.

तर एका शनिवारी आम्ही दवाखान्याच्या दारात उभे असताना पुण्याची मोठी गाडी थांबली. दोन जोडपी, राजगड उतरून आलेली, चेहरे लाल. नेहमीचा प्रश्न. डॉक्टरांनी नेहमीचा उलट प्रश्न केला. "काका, भूक! मरायला टेकलोय," असं मागं बसलेली मुलगी म्हणाली. तिचा चेहरा बघून डॉक्टर विरघळले.

"विंझरला जा. डाव्या हाताला आत वळा. दोन म्हशी दिसतील. थोरली तुमच्याकडं बघेल, धाकटी ढुंकून बघणार नाही. त्याच्यामागचं घर. मी पाठवलंय म्हणा."

ते हॉटेल आहे असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत. त्यांच्या डोक्यात तो फरकच नव्हता.

तिकडं वहिनींनी डाक्टरांचे पाहुणे म्हणून त्यांना पाटावर बसवून पोटभर जेवू घातलं. जेवून उठल्यावर त्यातल्या एकानं पाकीट काढून विचारलं, "किती झाले?" वहिनी म्हणाल्या, "पाव्हण्याकडनं कुणी पैसं घेतं व्हय?" त्याला वाटलं बाई संकोचतायत. त्यानं नोटा तांब्याखाली ठेवल्या आणि माणसं गेली. संध्याकाळी भाऊ ते पैसे घेऊन दवाखान्यात हजर. चिठ्ठीसारखा पाठ केलेला निरोप त्यांनी सांगितला, "ती म्हणती, तुमची पावनी लई येडी हायती. जेवली आन पैसं ठिवून गेली. तुमचं तुमाला देती."

डॉक्टर महिनाभर ही गोष्ट सांगत होते. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला. "जेवून झाल्यावर किती झाले विचारतात! उद्या आईला विचारतील!" म्हणायचे आणि मांडीवर थाप मारायचे.

पण त्या वेड्या पाहुण्यांनी मोबाईलवर फोटो टाकला. थोरलीचा, वहिनींचा, खेकड्यांचा. पुढच्या रविवारी दुसरी गाडी. मग तीन. डॉक्टरांनाही चेव आला. रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर, बदलून आलेले मास्तर, गड चढणारी पोरं, सगळ्यांना ते विंझरला धाडू लागले. वहिनी फुकट रांधून दमल्या. डॉक्टरांनी हे बघितलं नाही. दुसऱ्यांच्या गोठ्यातलं त्यांना सगळं दिसायचं, इथं मात्र डोळे मिटून सुई टोचली.

मुलगा पुण्याहून आला. तो म्हणाला, आई, हे नीट हॉटेल म्हणून कर. कंपनीतली नोकरी तशीही कंत्राटी होती. वहिनींना खरं तर हे हवंच होतं. मला एकदा हळूच म्हणाल्या, "मॅडम, म्हशीमागं जल्म गेला. गुडगं ऱ्हायलं न्हाईत. रांधायचं तर मला येतंय. पोरगं घरी तर यील." अडचण एकच होती. रस्त्याकडून दिसणारी जागा एकच, आणि तिथं म्हशी होत्या.

थोरली आणि धाकटी विकल्या. घेणाऱ्यानं धाकटी गाभण आहे का विचारलं, तेव्हा तपासायला डॉक्टरच गेले. हात धुतला, "आहे" म्हणाले आणि त्या दिवशी न जेवता परतले. उपास, म्हणाले.

दसऱ्याला हॉटेल सुरू झालं. मुलानं नाव ठेवलं 'गोठा'. जमिनीला फरशी, गव्हाण तशीच ठेवून तिच्यावर लाकडी फळ्या टाकून टेबलं केलेली, खुंट्यांना झेंडूच्या माळा, भिंतीवर थोरलीचा मोठा फोटो. पुण्याची माणसं बघून वा वा करत होती. डॉक्टरांना आग्रहाचं बोलावणं होतं. ते आले ते नवा शर्ट घालून आणि दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली सोडून. उजव्या बाहीचं बटण लावलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. तो हात मला अनोळखी वाटला.

मुलानं त्यांना मानानं मधल्या टेबलाशी बसवलं. थाळी एका कामाला ठेवलेल्या माणसानं आणली. वहिनी आत चुलीशी होत्या, गर्दी एवढी की मान वर करायला सवड नव्हती. डॉक्टर थोरली जिथं उभी राहायची, तिथं बसून जेवले. दुसरं ताक आपोआप आलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

जेवून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! उत्तम जेवण! फारच सुरेख!"

वहिनी पदराला हात पुसत नुकत्याच बाहेर येत होत्या, हसत. त्यांनी ते ऐकलं आणि त्या जागीच थांबल्या. डॉक्टर त्यांच्यासमोर गेले, खिशातून पाकीट काढलं आणि विचारलं, "किती झाले?"

वहिनी मग म्हणाल्या, "पाटीवर लिवलंय. वाचा की."

त्यांनी पाटी वाचली. पैसे दिले. वहिनींनी घेतले. बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना म्हणाले, "हे काय केलंत तुम्ही?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. ते गाडीला किक मारत म्हणाले, "मॅडम, हॉटेलात विचारावं लागतं."

त्यानंतर बुधवार येत राहिले. फेरी तीच, गावं तीच, पण विंझरचा फाटा आला की डॉक्टरांची मोटारसायकल वेग घ्यायची आणि त्यांची मान सरळ पुढं असायची. दुपारी एसटीच्या थांब्यावर बसून ते बिस्किटं खायचे. बाकीच्या गावांत लोक बसा म्हणायचे, तिथंही त्यांचे उपास वाढले. गोठा बघायचं सोडूनच दिलं. एकदा मी चिडून म्हणाले, "अहो, जाऊन या ना एकदा वहिनींकडं. त्या काही परक्या आहेत का?"

त्यांनी बिस्किटाचा पुडा नीट घडी घालून खिशात ठेवला. "मॅडम, म्हैस नसलेल्या घरी गुरांच्या डॉक्टरनं कशाला जायचं? कुणी विचारलं कशाला आलात, तर काय सांगू?"

तो प्रश्न मला हास्यास्पद वाटला.

वहिनींना मी अधूनमधून भेटत होते. हॉटेल जोरात होतं. मोबाईलवर चांदण्याच चांदण्या. मुलगा खूश, भाऊ गल्ल्यावर बसून दिवसाला चारचे सहा शब्द बोलू लागलेले. वहिनी मात्र माझं ताट समोर ठेवून उभ्याच राहायच्या. एकदा म्हणाल्या, "गिऱ्हाईक जेवतंय, छान छान म्हणतंय आन जातंय. बसून कुणी ऐकत न्हाई. डाक्टरांचं म्या काय घोडं मारलं व्हतं? चार लोकांत मानानंच बसवलं न्हवं?"

मी तेव्हा डॉक्टरांचं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं. म्हैस नसलेल्या घरी गुरांच्या डॉक्टरनं कशाला जायचं. वहिनींनी ऐकलं, "आसं म्हनले व्हय," एवढंच म्हणाल्या आणि आत भाकरी उलटायला गेल्या.

होळी होऊन गेली आणि एका बुधवारी सकाळी मला वहिनींचा फोन आला. "मॅडम, डाक्टरला घिऊन या. म्हस खात न्हाई."

"तुमच्याकडं कुठली म्हैस?"

"हाय आता. या लवकर. जनावर मुकं हाय."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी बॅग उचलली. विंझरच्या फाट्याला मोटारसायकल हळू झाली आणि डावीकडं वळली.

हॉटेलच्या बाजूनं भाऊंनी आम्हाला थेट मागं नेलं. फणसाखाली एक म्हैस बांधलेली होती. वहिनी शेजारी उभ्या होत्या, म्हशीपासून जरा लांबच, कारण म्हैस त्यांना ओळखत नव्हती. समोर पेंढ्याचा भारा टाकलेला आणि ती तो मन लावून खात होती. उजव्या शिंगाचं टोक कापलेलं.

"अहो, ही तर तात्यां—"

"मॅडम, थर्मामीटर," डॉक्टर म्हणाले.

मी थर्मामीटर दिला. त्यांनी ताप बघितला. पापणी उलटून बघितली. जीभ बाहेर ओढून बघितली, जिभेवर पेंढा होता, तो त्यांनी बाजूला केला. डाव्या कुशीत मूठ दाबून धरली. मग पोटाला कान लावला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. चेहरा पलीकडं होता, त्यामुळं मला दिसला नाही.

"कधीपासून खात नाही?" त्यांनी तसंच वाकून विचारलं.

"दसऱ्यापास्नं," वहिनी म्हणाल्या.

म्हैस पेंढा चावत होती.

डॉक्टर सरळ झाले. "दुखणं जुनं आहे," म्हणाले. "मॅडम, ताकदीचं औषध लिहून द्या." मग नळाकडं गेले, राख मागितली, साबण मागितला.

"नीट लावा साबण," वहिनी म्हणाल्या, पण पूर्वीसारखं ओरडून नाही.

मागच्या पडवीत पाट मांडलेला होता. पुढं हॉटेलात गर्दी होती, मुलगा आईला हाका मारत होता, कुणीतरी थाळी कुठं राहिली म्हणून विचारत होतं. वहिनी हलल्या नाहीत. डॉक्टरांच्या समोर, गुडघ्याला हात लावून, उकिडव्या बसल्या आणि दसऱ्यापासूनचं सगळं सांगायला लागल्या. कुणाची सून परत आली, कुठला फार्महाऊसवाला कुणाशी भांडला. डॉक्टर ऐकत जेवले. भाकरी कशी झाली, कालवण कसं झालं, एक अक्षर बोलले नाहीत. पहिलं ताक संपायच्या आत दुसरं आलं.

"डेअरीच्या दुधाचं हाय," वहिनी जरा अवघडून म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते संपवलं आणि तांब्या पुढं केला. तिसरं ताक मागितलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

निघताना बॅग बंद करत ते म्हणाले, "वहिनी, एका फेरीत बरं होणारं दुखणं नाही हे. पुढच्या बुधवारी परत बघावी लागेल."

"लागंल तर लागंल," वहिनी म्हणाल्या. "म्हस काय पळून जाती व्हय."

पुढच्या बुधवारी आम्ही गेलो, तर फणसाखाली दुसरीच म्हैस. तात्यांची बहुतेक त्या दिवशी रिकामी नव्हती. ही धिप्पाड, कपाळावर पांढरा ठिपका, दोन्ही शिंगं अखंड, आणि बाजूला ढुशा देणारं रेडकू. वहिनी एवढासा चेहरा करून उभ्या. भाऊ आभाळाकडं बघत होते. मी डॉक्टरांकडं बघितलं.

त्यांनी उजवी बाही दंडापर्यंत दुमडली, म्हशीच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाले, "बरीच सुधारली."

आणि साबण मागितला.